हायड्रोफोन टाकला की नुसती तडतडच येते, मग साउंड आर्ट कशातून करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: म्युझिक प्रोडक्शनचा बऱ्यापैकी अनुभव आहे, आता समुद्रातल्या जिवांच्या रेकॉर्डिंगमधून गॅलरीसाठी एक साउंड इन्स्टॉलेशन करायचंय, हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) घेतला, पाण्यात सोडला आणि घरी येऊन ऐकलं तर देवमासा नाही की डॉल्फिन नाही, नुसती तडतड. ती साफ कशी करायची, त्यात दाखवण्यासारखं काय उरतं, आणि आवाज स्लो करून किंवा पिच बदलून वापरला तर ती फसवणूक होते का?

तडतडीपासून सुरू करतो, कारण बहुतेक जण इथेच निराश होऊन हायड्रोफोन कपाटात टाकून देतात. उथळ आणि जरा कोमट पाण्यात रेकॉर्ड केलं असेल तर ती तडतड तुमच्या केबलचा दोष नसणार, ती स्नॅपिंग श्रिंप नावाच्या कोळंबीची आहे. बोटाच्या एक-दोन पेरांएवढा जीव, त्याची एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी, आणि ती नांगी इतक्या झटक्यात मिटते की पाण्याची बारीक धार सेकंदाला साधारण २५ मीटर वेगाने बाहेर सुटते, त्या वेगामुळे तिथला दाब एकदम पडतो, वाफेचा बुडबुडा तयार होतो, आणि तो बुडबुडा कोसळताना जो फटका बसतो तो आपल्या हेडफोनमध्ये येतो. नांगीचे दोन भाग एकमेकांवर आपटल्याचा तो आवाज आहे असंच बरीच वर्षं समजलं जायचं, २००० साली हायस्पीड कॅमेऱ्यातून बघितल्यावर बुडबुड्याचं खरं कारण पक्कं झालं. आता असे हजारो जीव एका खडकाळ भागात एकाच वेळी हेच करतायत म्हटल्यावर वाळक्या काटक्या जळतात तसा सलग तडतडाट होणारच. दुसऱ्या महायुद्धात हायड्रोफोन लावून पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या अमेरिकी नौदलाला हा आवाज इतका आडवा आला की त्यावर खास संशोधन करावं लागलं होतं.

तर माझं स्पष्ट मत असं की ही तडतड साफ करायची गोष्टच नाहीये. तुमच्या रेकॉर्डिंगमधली सगळ्यात प्रामाणिक आणि सगळ्यात श्रीमंत गोष्ट तीच आहे. कुठल्या जागी ती दाट आहे, कुठे विरळ, भरती-ओहोटीत, अंधार पडताना, पहाटे ती कशी बदलते, यातून त्या जागेचा पत्ता कळतो. नॉर्वेच्या साउंड आर्टिस्ट याना विंडेरेन यांनी असल्याच जिवांवर, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कुळातल्या आवाजांवर आणि माशांवर वर्षानुवर्षं काम केलंय, आणि त्यांच्या कामात स्टार प्राणी येण्याची वाट बघत बसावं लागत नाही. आपल्या डोक्यात समुद्राचा आवाज म्हणजे हंपबॅक देवमाशाचं गाणं हे इतकं पक्कं बसलंय त्याला कारण आहे, १९७० साली जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी हंपबॅकच्या गाण्यांची रेकॉर्ड काढली, त्यातली काही रेकॉर्डिंग बर्म्युडाजवळ नौदलासाठी काम करणाऱ्या फ्रँक वॉटलिंग्टन यांनी केली होती, ती लोकांनी अक्षरशः डोक्यावर घेतली, १९७९ च्या जानेवारीत नॅशनल जिओग्राफिकने आपल्या अंकासोबत त्या आवाजांची पातळ तबकडी १ कोटी ५ लाख प्रतींमध्ये वाटली. देवमाशांची शिकार थांबवा म्हणणाऱ्या चळवळीला त्या आवाजाने मोठं बळ दिलं, ते ऋण आहेच. पण त्यानंतर जो तो पाण्यात हायड्रोफोन सोडून गाण्याचीच वाट बघायला लागला आणि बाकी सगळ्याला नॉइज म्हणायला लागला, हे मला अजिबात पटत नाही.

आता तडतडीच्या खाली काय आहे ते बघूया, कारण तुमच्या फाइलमध्ये ते बहुधा आत्ताही पडलेलं असेल. एक साधी गोष्ट करा. डीनॉइझचं प्लगइन बंद करा, डीक्लिक तर लावूच नका, ते श्रिंपचा एकेक फटका दोष समजून पुसून टाकतं आणि मागे तो गुळगुळीत, बुळबुळीत आवाज उरतो जो धड समुद्र नसतो की धड काही नसतो. त्याऐवजी स्पेक्ट्रोग्राम उघडा, म्हणजे कुठल्या वेळी कुठली फ्रिक्वेन्सी आहे ते दाखवणारं आवाजाचं चित्र. श्रिंपची ताकद मुख्यतः २ किलोहर्ट्झच्या वर असते आणि ती तुमच्या रेकॉर्डरच्या मर्यादेच्याही खूप पुढे, पार २०० किलोहर्ट्झपर्यंत जाते. बहुतेक मासे बोलतात ते १ किलोहर्ट्झच्या खाली. म्हणजे निसर्गानेच तुम्हाला दोन वेगळे थर करून दिलेत. १ किलोहर्ट्झवर एक लो-पास (त्याच्या वरचं सगळं गाळणारा फिल्टर) लावा, लेव्हल वाढवा आणि संध्याकाळनंतरचा भाग शांतपणे ऐका.

मला खात्री आहे की काहीतरी सापडेल. मासे आवाज काढतात ते बऱ्याचदा पोटातल्या हवेच्या पिशवीवर, त्या पिशवीला चिकटलेले खास स्नायू असतात आणि ते भराभर आकुंचन पावून पिशवी वाजवतात. टोडफिशच्या कुळात तर हे स्नायू पृष्ठवंशीय प्राण्यांमधल्या सगळ्यात वेगवान स्नायूंमध्ये मोजले जातात. स्पेक्ट्रोग्रामवर ते कसं दिसतं सांगतो: खाली १०० हर्ट्झच्या आसपास एक जाड आडवी रेघ, तिच्यावर दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीला फिकट होत जाणाऱ्या रेघा, म्हणजे अगदी नीट हार्मोनिक सूर. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा मिडशिपमन नावाचा मासा आहे, त्याचा नर रात्री घरट्यातून मादीला बोलावताना असा एकच सूर धरतो आणि कधीकधी तासाभराहून जास्त वेळ सोडत नाही. शेजारी दुसरा नर दोन-तीन हर्ट्झच्या फरकाने लागला की दोघांच्यात बीट्स तयार होतात, आवाज हळूहळू फुगतो आणि बसतो, फुगतो आणि बसतो. सिंथवर दोन ऑसिलेटर डीट्यून करून ज्याच्यासाठी आपण तासन्‌तास घालवतो ते तिथे चिखलात, दगडाखाली दोन मासे करतायत. तुम्ही काही न करता ते नुसतं मोठ्या आवाजात, चांगल्या सबवूफरवर लावलं तरी लोक थांबून ऐकतील.

सी अर्चिन, म्हणजे ते काटेरी गोल समुद्री जीव, तेसुद्धा ऐका. ते दगडावरचं शेवाळ खरवडून खातात तेव्हा त्यांचं पोकळ कवच घुमतं, न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर संध्याकाळच्या कोरसचा (सगळे जीव एकदम आवाज करतात त्याचा) एक ठळक भाग या खरवडण्यामुळे येतो हे अभ्यासातून दाखवलंय, साधारण ८०० ते २८०० हर्ट्झच्या पट्ट्यात. थंड पाण्यात काम करत असाल तर सील ऐका, बिअर्डेड सीलची वरून खाली घसरत जाणारी लांबच लांब तान पहिल्यांदा ऐकणाऱ्याला इलेक्ट्रॉनिकच वाटते.

रेकॉर्डिंगच्या बाजूचं थोडं, कारण खराब रेकॉर्डिंगवर नंतर कितीही मेहनत केली तरी फारसं काही होत नाही. हायड्रोफोन म्हणजे शेवटी रबरात किंवा रेझिनमध्ये बंद केलेला पिएझोचा तुकडा, म्हणजे दाब पडला की वीज तयार करणारा पदार्थ. अ‍ॅक्वेरियनचा एच२ए सारखा प्लग-इन पॉवरवर चालणारा हायड्रोफोन आणि कमी सेल्फ-नॉइजचा रेकॉर्डर एवढ्यावर खूप काम होतं, रात्रभर पाण्यात ठेवून यायचं असेल तर हायड्रोमॉथसारखा स्वतःच रेकॉर्ड करणारा डबा बरा, तो ३८४ किलोहर्ट्झपर्यंत सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) देतो, फक्त तो मोनो आहे आणि डब्याचा स्वतःचा थोडा रंग आवाजाला लागतो. डीआयवाय पिएझोपण चालतो, शिकायला तर उत्तमच, पण त्याला हाय इम्पीडन्सचा प्रीअँप दिला नाहीत तर लो एंड गायब होतो आणि मग मासे ऐकूच येत नाहीत म्हणून तुम्ही समुद्राला दोष देत बसता.

खरी लढाई केबलशी असते. प्रवाहात ताणलेली केबल तारेसारखी थरथरते आणि ३०-४० हर्ट्झला एक घूं असा सूर धरते, बऱ्याच जणांना तो देवमासा वाटतो. ओळखायची खूण अशी की प्रवाहाचा जोर बदलला की सूर सरकतो, आणि केबल हातात घट्ट धरली की बदलतो. होडीला किंवा तरंगत्या फ्लोटला केबल थेट बांधू नका, मधे इलॅस्टिक दोरीचा एक तुकडा द्या, वजन हायड्रोफोनच्या खाली वेगळ्या दोरीवर लावा म्हणजे लाटेबरोबर हायड्रोफोन वरखाली नाचणार नाही. सगळ्यात छान म्हणजे होडीच नको, तळावर वजन ठेवून त्याच्या जरा वर हायड्रोफोन तरंगत ठेवायचा, केबल तळावरून किनाऱ्याकडे सैल आणायची. इंजिन, पंप, फिश फाइंडर सगळं बंद, फिश फाइंडरचा पिंग हाय सॅम्पल रेटवर टकटक असा दिसत राहतो. गेन ठेवताना सरासरी लेव्हल बघू नका, श्रिंपचा फटका क्षणार्धाचा आणि फार उंच असतो, मीटर शांत दिसतानासुद्धा तो क्लिप होतो, म्हणजे वरून कापला जातो, त्यामुळे भरपूर हेडरूम सोडा किंवा ३२ बिट फ्लोट वापरा.

स्टिरिओबद्दल एक गोष्ट लोक हमखास विसरतात. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, हवेत ३४० च्या आसपास, म्हणजे चारपटीहून जास्त वेगाने, म्हणून पाण्यात डोकं घातलं की आवाज कुठून येतोय ते आपल्याला कळत नाही, दोन कानांमधला वेळेचा फरक फारच कमी होतो आणि आवाज कवटीच्या हाडातूनही आत येतो. दोन हायड्रोफोन कानांएवढ्या अंतरावर लावलेत तर रेकॉर्डिंग जवळजवळ मोनोच निघेल. तेच अंतर ८०-९० सेंटीमीटर ठेवा, मग हेडफोनमध्ये हवेतल्यासारखी रुंदी मिळते. हवं तर आणखी लांब लावा, पण त्यात तुम्ही जागा मोठी करून दाखवताय हे लक्षात असू द्या.

आणि इथून तुमचा तिसरा प्रश्न येतो, स्लो करणं म्हणजे फसवणूक का. माझ्या मते अजिबात नाही, कारण काहीही न बदलता ऐकवणं या माध्यमात मुळात शक्यच नाहीये. तुम्ही पाण्यातला दाब विजेत बदलला, ती वीज हवेत वाजवली, चारपट वेगाचं जग सावकाश जगात आणलं, हे सगळं बदलणंच आहे. शिवाय बरेचसे आवाज आपल्या कानांच्या पट्ट्यात बसतच नाहीत. निळ्या देवमाशाच्या हाका साधारण १० ते ४० हर्ट्झमध्ये असतात, त्यातला खालचा भाग ऐकू येत नाही आणि वरचा भाग साध्या स्पीकरला वाजवता येत नाही, दहापट वेगाने वाजवला की २० चे २०० हर्ट्झ होतात आणि त्याचा आकार कानाला कळतो. उलट्या टोकाला हार्बर पॉरपॉईज या डॉल्फिनसारख्या छोट्या प्राण्याच्या क्लिक १३० किलोहर्ट्झच्या आसपास असतात, त्या मिळवायला सॅम्पल रेट त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणजे २६० किलोहर्ट्झच्या बराच वर हवा, मग सोळा पटीने स्लो केल्या की चार सप्तकं खाली येऊन ८ किलोहर्ट्झच्या जरा वर बसतात. तुमच्या ९६ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये पॉरपॉईजच्या त्या क्लिक असूच शकत नाहीत, त्यामुळे ती फाइल कितीही स्लो केली तरी त्या सापडणार नाहीत.

माझी अट एकच, जे केलं ते ऐकणाऱ्याला सांगा. भिंतीवर एक ओळ पुरे: वेग इतका पट कमी, बाकी काही बदल नाही. आणि वेग बदलायचाच तर एका पट्ट्यातलं सगळं एकत्र बदला. पॉरपॉईज सोळा पट स्लो, मागे श्रिंप खऱ्या वेगात, वर हंपबॅक दुसऱ्याच महासागरातला, असं कोलाज केलं की ऐकायला गोड लागतं पण ते जगात कुठेही घडत नाही, आणि ऐकणारा मात्र समुद्र असाच असतो असं समजून घरी जातो. टाइम-स्ट्रेचने पिच तशीच ठेवून लांबवण्यापेक्षा मला सरळ टेपसारखं स्लो करणं जास्त आवडतं, त्यात क्लिकचा आतला आकार शाबूत राहतो, स्ट्रेचिंगच्या अल्गोरिदममध्ये तो पहिल्यांदा फुटतो. रिव्हर्बचा मोहही आवरा. पाण्याखाली म्हणजे घुमणारी मोठी गुहा ही सिनेमातून आलेली समजूत आहे, उथळ रीफवरचं रेकॉर्डिंग खरं तर कोरडं, टोकदार आणि अगदी कानाजवळचं असतं, तो धक्का ऐकणाऱ्याला बसू दे ना.

हंपबॅक वापरायचाच असेल तर एक विनंती. ते गाणं नर गातात. त्यात ठरलेले भाग ठरलेल्या क्रमाने येतात, एक पूर्ण फेरी साधारण सात मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत चालते आणि मग पुन्हा पहिल्यापासून, हे पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी १९७१ साली मांडलं. एका भागातले सगळे नर त्या हंगामात जवळपास एकच गाणं गातात आणि ते गाणं हळूहळू बदलत जातं. यातले सात सेकंद कापून लूप केले की हातात राहतो तो नुसता एक हुंकार, रचना गेलीच. निदान एक फेरी अख्खी वाजू द्या.

स्वतः रेकॉर्ड करायला देवमासे मिळत नसतील तर त्यांच्या मागे होडी नेण्यापेक्षा संग्रह वापरा. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे अ‍ॅक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटचा हायड्रोफोन सुमारे ९०० मीटर खोलीवर बसवलेला आहे आणि त्याचं रेकॉर्डिंग लोकांसाठी खुलं आहे, अमेरिकेतल्या वुड्स होल या समुद्रसंशोधन संस्थेचा वॉटकिन्स संग्रह आहे ज्यात समुद्री सस्तन प्राण्यांचे कितीतरी जुने आवाज आहेत. परवान्याच्या अटी मात्र नीट वाचा, अभ्यासासाठी फुकट आणि तिकीट लावलेल्या प्रदर्शनासाठी फुकट या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

आणि जे रेकॉर्ड केलं ते परत समुद्रात वाजवून प्राण्यांशी संवाद वगैरे, हे कृपया करू नका. आवाजाचा तिथे खरोखर परिणाम होतो. ग्रेट बॅरिअर रीफवर प्रवाळ मरून गेलेल्या तुकड्यांजवळ पाण्याखाली स्पीकर लावून निरोगी रीफचा आवाज सहा आठवड्यांच्या आसपास वाजवला तर तिथे स्पीकर नसलेल्या तुकड्यांच्या दुप्पट मासे जमले, हा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी पुनर्वसनासाठी परवानगी काढून केलेली ती गोष्ट होती. आवाजावर भरवसा ठेवून छोटे मासे कुठे घर करायचं ते ठरवतात, त्यांना आपल्या कलाकृतीसाठी चुकीच्या जागी बोलवायचा आपल्याला काय अधिकार?

जहाजाचा आवाज फाइलमध्ये आला असेल तर तोही काढू नका असं मी म्हणेन. २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर काही दिवस जहाजांची ये-जा घटली तेव्हा कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात पाण्याखालचा आवाज ६ डेसिबलने कमी झाला आणि त्याच काळात गोळा केलेल्या राइट व्हेलच्या विष्ठेत ताणाच्या हार्मोनचं प्रमाण कमी सापडलं. जहाजाची ती घरघर पन्नास-शंभर हर्ट्झला बसते, नेमकी माशांच्या आणि मोठ्या देवमाशांच्या बोलण्यावर. तुमच्या इन्स्टॉलेशनमध्ये मासा सूर धरून असताना जहाज येतं, सूर बुडतो, जहाज जातं आणि सूर परत वर येतो, हे पूर्ण लांबीचं, फेड न करता ऐकवलंत तर त्यावर एका शब्दाचं भाष्य करायची गरज पडणार नाही.

गॅलरीतल्या सेटअपचं शेवटी सांगतो. छोट्या स्पीकरवर १०० हर्ट्झच्या खालचं काही येत नाही, म्हणजे मासे गेले आणि उरली तडतड, मग प्रेक्षकही तेच म्हणणार जे तुम्ही आधी म्हणालात. बजेट एकाच गोष्टीवर लावायचं असेल तर सबवूफरवर लावा, आणि शक्य असेल तर बसायच्या बाकाखाली एक ट्रान्सड्यूसर (आवाजाने बाकच थरथरवणारं यंत्र) बसवा म्हणजे खालचे सूर हाडातून कळतील, पाण्यातही आपण असंच ऐकतो. श्रिंपसाठी चार लहान स्पीकर डोक्याच्या उंचीखाली, तळाजवळ लावा, कारण तो आवाज तळाचा आहे. लूप निदान संध्याकाळच्या एका पूर्ण कोरसएवढा लांब ठेवा. माहितीच्या फलकावर डेसिबल लिहिताना जपा, स्पर्म व्हेलची क्लिक २३० डेसिबलच्या वर म्हणजे जेट विमानाहून कितीतरी मोठी असं सर्रास छापलं जातं, पण पाण्यातल्या आणि हवेतल्या डेसिबलचं मोजमाप वेगळ्या संदर्भ दाबावर असतं आणि पाण्याची घनताही वेगळी, तुलना करायचीच तर पाण्यातल्या आकड्यातून साधारण ६२ वजा करून मग करा. आणि लेव्हल फायनल करायची ती खोलीत माणसं असताना, रिकाम्या खोलीत ठरवलेली तडतड कपडे आणि अंगं आत आली की दबते, आणि मग ती वाढवायच्या नादात खालचे मासे झाकले जातात, म्हणून आधी मासे सेट करा आणि श्रिंप त्यांच्या वर हळूहळू आणा.